लेन्स उलटी लावून मॅक्रो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला दणका पाऊस झाला की लेन्स उलटी लावून मॅक्रो, म्हणजे किड्या-मुंग्यांसारख्या छोट्या गोष्टींचे मोठे फोटो, कसे काढायचे असे तेच तेच मेसेज मला यायला लागतात. भाचा विचारतो, भाच्याचा मित्र विचारतो, परवा तर आमच्या वाड्यावरच्या एका काकांनी मुलासाठी विचारलं. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी गोव्यात फोंड्याजवळ राहतो, मागे कुळागर (पोफळीची बाग) आहे, बारा-तेरा वर्षं उलट्या लेन्सने किडे-मुंग्या काढतोय, बाकी मी काही मोठा फोटोग्राफर नाही.

लेन्स उलटी लावायची म्हणजे नक्की काय करायचं?

लेन्सचं जे तोंड रोज समोर असतं ते कॅमेऱ्याला लावायचं आणि जे माउंट कॅमेऱ्यात बसतं ते किड्याच्या दिशेला ठेवायचं, बस. मधे एक धातूची पातळ रिंग लागते, तिला रिव्हर्स रिंग म्हणतात. एका बाजूला कॅमेऱ्याचं माउंट, दुसऱ्या बाजूला फिल्टरचे आटे. मी घेतली तेव्हा तीनशेच्या आसपास पडली होती. रिंग यायच्या आधी बघायचंच असेल तर लेन्स हाताने उलटी धरून कॅमेऱ्याच्या तोंडाला टेकव. फटीतून उजेड शिरतो आणि फोटो धुरकट येतो, पण काय होतं ते कळतं.

पण उलटी लावली की मोठं कसं काय दिसतं?

नेहमी आपण मोठी गोष्ट कॅमेऱ्यातल्या छोट्या सेन्सरवर (प्रतिमा टिपणाऱ्या पट्टीवर) बसवतो, म्हणजे अख्खं मंगेशीचं देऊळ दोन-सव्वादोन सेंटिमीटरच्या पट्टीवर. लेन्सची एक बाजू लांबच्या मोठ्या गोष्टीसाठी घडवलेली असते आणि दुसरी जवळच्या छोट्या सेन्सरसाठी. मॅक्रोत एकास एकच्या, म्हणजे गोष्ट जेवढी तेवढीच सेन्सरवर, याच्या पुढे गेलास की हिशोबच उलटा होतो, आता छोटी गोष्ट समोर आहे आणि मोठी प्रतिमा सेन्सरवर, मग लेन्सपण उलटी केली की जी बाजू जवळच्या कामासाठी बनली होती ती किड्याकडे जाते. म्हणून तीनशे रुपयांच्या रिंगमधून एवढा धारदार फोटो येतो. रिंगमधे काच नसतेच, त्यामुळे रिंग महागाची घे, स्वस्तातली घे, फोटोत फरक शून्य. फरक फक्त आटे नीट कापलेत की नाही एवढाच.

माझ्याकडे कॅमेऱ्यासोबत आलेली किटची १८-५५ मिमी झूम लेन्स आहे, चालेल का? की ५० मिमी घेऊ?

चालेल, आणि आधी तीच वापर, उगाच खर्च नको. फक्त एक गंमत लक्षात ठेव, उलट्या लेन्सवर झूमपण उलटं चालतं. ५५ला ठेवलीस तर साधारण एकास एक, म्हणजे खरा एक सेंटिमीटर सेन्सरवर एक सेंटिमीटर, आणि १८ला नेलीस की साडेतीन पटीच्या आसपास. नवीन पोरं हमखास १८वर ठेवतात आणि मग "काहीच दिसत नाही" म्हणून फोन करतात. अरे दिसणार कसं, सगळी फ्रेम सहा-सात मिलिमीटर रुंद आहे, त्यात मुंगी शोधणं म्हणजे स्ट्रॉमधून मांडवीतली होडी शोधण्यासारखं. ५५वर सुरू कर, किडा सापडला की हळूहळू ३५कडे ये.

वेगळी लेन्स घ्यायचीच असेल तर माझं मत ठाम आहे. जुनी, हाताने फिरवायची अ‍ॅपर्चर (लेन्समधलं कमी-जास्त उघडणारं उजेडाचं भोक) रिंग असलेली २८ मिमी. निकॉनच्या जुन्या एआय-एस, एएफ-डी, पेन्टॅक्सच्या जुन्या लेन्सेस, आटेवाल्या एम४२, यातलं काहीही. ५० मिमी बरी आहे पण एकास एकच्या थोडीच वर जाते. २८ दोन पटीच्या थोडी पुढे जाते आणि मोठ्या तांबड्या मुंगीला तेवढंच लागतं.

किड्याच्या किती जवळ जावं लागतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर ऐकून निम्मे लोक गळतात. निकॉनच्या जुन्या माउंटपासून सेन्सर ४६.५ मिमीवर असतो, कॅननच्या ईएफला ४४. लेन्स उलटी केली की हेच अंतर किड्याच्या बाजूला येतं, म्हणजे माउंटपासून साडेचार सेंटिमीटरच्या आत किडा फोकसमधे येतच नाही, थोडा पुढेच असतो. ५० मिमीला साधारण नऊ-दहा सेंटिमीटर, २८ला सहाच्या आसपास, १८ला पाच. आता यातली मजा बघ. १८ मिमीच्या लेन्सला सरळ हिशोबाने खूपच जवळ जावं लागलं असतं, पण डीएसएलआरमधे मधे आरसा असतो, त्याला जागा मिळावी म्हणून वाइड लेन्स अशी बनवतात की मागे बरीच मोकळी जागा राहील. तीच मोकळी जागा उलटी केल्यावर आपल्या कामाला येते.

पण सहा सेंटिमीटर म्हणजे सहाच. सत्तरी तालुक्यात पावसात फिरताना पानावर मलबारी चापडा (विषारी साप) बसलेला दिसला तर उलटी लेन्स बॅगेत घालायची आणि लांबची लेन्स काढायची. हसू नका, मला एकाने खरंच विचारलंय.

अ‍ॅपर्चर बदलताच येत नाही, स्क्रीनवर नुसतं शून्य-शून्य दिसतं!

येणारच, लेन्सचा आणि कॅमेऱ्याचा संपर्क तुटलाय ना. आता कोणती कंपनी त्यावर आहे.

कॅननच्या ईएफ लेन्समधे अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, काढली की जिथे होतं तिथेच राहतं. म्हणून आधी लेन्स सरळ लाव, एफ ८ ठेव (हा भोकाचा आकडा, जितका मोठा तितकं भोक छोटं), डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून धर, आणि बटण दाबलेलं असतानाच लेन्स फिरवून काढ. पाती एफ ८लाच अडकून राहतात. बदलायचं असेल तर परत सगळं तेच. काही स्वस्त बॉड्यांवर ते बटण नसतं, मेन्यूत जाऊन दुसऱ्या बटणाला लावावं लागतं, आधी बघून घे.

निकॉनच्या 'जी' (G) प्रकारच्या लेन्सेसना मागे छोटी धातूची दांडी असते, लेन्स काढली की स्प्रिंगने पाती जवळजवळ पूर्ण मिटतात आणि व्ह्यूफाइंडरमधे अमावास्या. दांडी हाताने सरकवून मधे कागदाची घडी किंवा आगपेटीच्या काडीचा तुकडा अडकवायचा. मी कुल्फीच्या काडीची चीप वापरायचो. किती उघडलंय ते मोजता येत नाही, अंदाजच.

अ‍ॅपर्चर रिंगवाली जुनी लेन्स असेल तर यातलं काहीच नको, टकटक फिरव आणि मोकळा हो. म्हणूनच वर एवढं जोर देऊन सांगितलं.

माझा कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) आहे, रिंग लावली पण फार मोठं होत नाही. फसवलं का मला?

नाही रे. मिररलेसमधे माउंट आणि सेन्सर एकदम जवळ असतात, सोनी ईला १८ मिमी, कॅनन आरएफला २०, निकॉन झेडला १६. त्यामुळे उलटी लेन्स सेन्सरच्या जास्त जवळ येते आणि मोठेपणा घटतो, ५० मिमी तर एकास एक सोड, अर्ध्यावर येते. उपाय सोपा, मधे नळी घाल. साधी एक्स्टेंशन ट्यूब, किंवा डीएसएलआर लेन्स मिररलेसवर लावायचा जो अडॅप्टर असतो तो आणि त्याच्यावर डीएसएलआरची रिव्हर्स रिंग. हिशोब असा, जितके मिलिमीटर नळी तितके भागिले लेन्सचे मिलिमीटर, एवढी पट वाढते. २८च्या लेन्सला २८ मिमी नळी म्हणजे अख्खी एक पट जादा.

आणि हो, कॅमेरा शटरच टाकत नसेल तर मेन्यूत "लेन्सशिवाय शटर" अशा अर्थाचं ऑप्शन असतं, ते चालू कर. निकॉनच्या छोट्या डीएसएलआरवर डायल एमवर ठेवल्याशिवाय क्लिकच होत नाही.

फोकस कसा करू? ऑटोफोकस गेला, रिंग फिरवली तरी काही होत नाही.

फोकस शरीराने करायचा. लेन्सवरचं फोकस इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या खुणेला) ठेव आणि विसर. किडा फोकसमधे आणायचा म्हणजे आपण पुढे-मागे व्हायचं, तेही मिलिमीटरच्या हिशोबात. किती बारीक ते सांगतो. दोन पट मोठेपणा, एफ ८, तर स्पष्ट दिसणारी जाडी साधारण पाव मिलिमीटर येते. एकास एकला अर्ध्याहून थोडी जास्त. पाव मिलिमीटर म्हणजे जाड कागदाएवढं, आणि आपण उभे राहून नुसता श्वास घेतला तरी कॅमेरा त्याच्या कितीतरी पट हलतो.

माझी पद्धत अशी. उकिडवं बसायचं, दोन्ही कोपरं गुडघ्यांवर. डाव्या हातात पानाचं देठ धरायचं आणि त्याच हाताच्या बोटांवर लेन्सची कड टेकवायची, मग किडा आणि कॅमेरा एकाच हातावर हलतात, म्हणजे एकमेकांच्या हिशोबात हलतच नाहीत. ही एक युक्ती शिकलास तर बाकी सगळं वाचलं नाहीस तरी चालेल. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, किड्याच्या डोळ्यावर चमक आली की क्लिक. दहातले आठ वाया जातात. माझे अजून जातात.

ट्रायपॉड? घरात टेबलावर हो. कुळागरात तो लावेपर्यंत किडा सावर्ड्याला पोचतो.

फोटो काळे येतात, आयएसओ वाढवला तर दाणेदार. काय करू?

लेन्स जितकी मोठं करते तितका उजेड पसरतो. मोठेपणात एक मिळव आणि त्याने लेन्सवर लिहिलेल्या एफ नंबरला गुण, असा साधारण हिशोब. म्हणजे दोन पटीला लेन्सवरचा ८ प्रत्यक्षात २४सारखा वागतो, तीन स्टॉप उजेड गायब, म्हणजे उजेड तीनदा निम्मा. म्हणूनच "स्पष्ट दिसणारी जाडी वाढवतो" म्हणून लेन्सवर एफ १६-२२ करू नकोस, डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून उजेड पसरतो त्याने) सगळंच मऊ पडतं, केस दिसायचे तिथे धूर दिसतो. दोन पटीला ५.६ ते ८च्या मधे राहा.

मग उजेड आणायचा कुठून, तर फ्लॅश. माझं स्पष्ट म्हणणं आहे की रिंगला तीनशे घातलेस आणि पुढचे दोन-तीन हजार शिल्लक असतील तर लेन्सकडे बघूसुद्धा नकोस, साधा मॅन्युअल सेकंडहँड स्पीडलाइट (कॅमेऱ्यावर लावायचा सुटा फ्लॅश) घे. शटर १/२००, आयएसओ २००, फ्लॅश एक सोळांशावर. एवढ्या कमी पॉवरला स्पीडलाइटचा झोत साधारण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात संपतो, त्यामुळे हात हलला तरी फोटो हलत नाही. म्हणजे फ्लॅश नुसता उजेड नाही, तोच तुझा ट्रायपॉड.

पण उघडा फ्लॅश मारलास तर भुंग्याच्या पाठीवर पांढरा डाग पडतो आणि बाकी काळं. डिफ्यूझर (उजेड मऊ करणारा पडदा) घरी होतो. मी चिप्सच्या लांब डब्याचा तळ कापून आतली चंदेरी बाजू वापरली, तोंडाला दोन पदरी बटर पेपर, आणि डब्याचं तोंड लेन्सच्या अगदी टोकाशी आणलं. डिफ्यूझर किड्याच्या मानाने जितका मोठा आणि जितका जवळ तितका उजेड मऊ. मुंगीसाठी तळहाताएवढा बटर पेपर म्हणजे तिचं अख्खं आभाळच.

गोव्यात काढायचं काय? कुठे जाऊ?

कुठेही जाऊ नकोस, आधी परसात बघ. आंब्याच्या, काजूच्या झाडावर पानं जोडून घर करणाऱ्या तांबड्या मुंग्या असतात. घर फाटलं की त्यांची दुरुस्तीची रांग लागते, एकीने दुसरीची कंबर धरलेली, तिसरीच्या तोंडात पांढरी अळी, कारण पानं शिवायचा रेशमी धागा अळीच सोडते. तो धागा दोन पटीत दिसतो. फक्त घर आपण फाडायचं नाही, वाऱ्याने फाटलेलं बघायचं. आणि बाह्या खाली घे, चावतात.

चवथीला माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळांची सजावट) बांधायच्या आधी सगळं सामान अंगणात मांडलेलं असतं तेव्हा अर्धा तास मागून घ्यायचा. कांगुण्यांचं फळ उकलल्यावर आतलं केशरी आवरण जवळून बघ, संत्र्याच्या फोडीसारखं ओलं दिसतं. आमच्या घरी वयनी ओरडते, "आधी बांधा, मग फोटो", पण बांधल्यावर ते डोक्यावर जातं, सहा सेंटिमीटरवर जायला शिडी लागते.

पावसात जांभ्याच्या सड्यावर गेलास तर सीतेची आसवं आणि दवबिंदू, ही दोन्ही किडे खाणारी छोटी रोपं. दवबिंदूच्या प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब असतो आणि त्यात अडकलेलं चिलट. पाय कुठे टेकतोयस ते बघ, गुडघा टेकवायच्या नादात लोक शंभर रोपं चिरडतात. मोले, बोंडला, खोतीगाव इथे जायचं तर ती अभयारण्यं आहेत, वनखात्याच्या नियमानेच जायचं आणि पानसुद्धा उचलायचं नाही.

किडा थंड करून फ्रिजमधे ठेवला तर हलत नाही म्हणतात...

नाही. पहाटे सहाला उठ, किडे तसेही गारठून बसलेले असतात, अंगावर दव असतं ते फुकट.

मागची काच उघडी राहते ना? खराब नाही होणार?

होते. माझीच झाली. दोन पावसाळ्यांपूर्वी कुळागरात वाकून कोळी काढत होतो आणि वरून पोफळीच्या झावळीवरचा एक जाड थेंब सरळ मागच्या काचेवर. पुसला, विसरलो, लेन्स बॅगेत तशीच. ऑगस्टमधे बघतो तर आत कोळिष्टकासारखी बुरशी. साफ करायला दिली, परत आली ती आतल्या कडेला बोटाचा ठसा घेऊन आणि बुरशी जिथल्या तिथे. दुकानाचं नाव सांगत नाही, त्याच्या पोरग्यानेच माझ्याकडून मॅक्रो शिकलंय.

म्हणून आता दोन गोष्टी करतो. एक, लेन्सची जुनी मागची टोपी घेतली, मधे गोल भोक पाडलं आणि ती माउंटवर चढवून ठेवली. काच थोडी आत जाते, ओरखडे वाचतात, आडवा उजेडपण अडतो. दोन, घरी हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५०च्या मधे ठेवायचा. जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करायचे, तो तवा पोळ्यांना परत वापरायचा नाही. लेन्स चामड्याच्या पाऊचमधे कपाटात ठेवणं म्हणजे आपल्या हवेत बुरशीला जेवायला बोलावणं. समुद्रावर वाळूचे कण काढायचे असतील तर वाळू घरी आण, लेन्स तिकडे बदलू नकोस.

जड लेन्स उलटी लावली तर?

पुढचे आटे बहुतेक प्लॅस्टिकचे आणि ऑटोफोकसवाल्या लेन्समधे तेच फोकसच्या भागाला जोडलेले असतात, सगळं वजन त्यावर. हलकी लेन्स लाव, आणि उचलताना नेहमी लेन्सखाली हात. शिवाय बोलता बोलता लेन्स आट्यांवर उलटी फिरते आणि सुटते. जांभा मऊ नसतो.

दोन लेन्स तोंडाला तोंड लावून पण करतात ना?

करतात. लांबची लेन्स कॅमेऱ्यावर सरळ, तिच्या तोंडावर छोटी उलटी, मधे दोन्हीकडे बाहेरचे आटे असलेली रिंग. मोठेपणा म्हणजे मोठा आकडा भागिले छोटा, २०० आणि ५० असतील तर चार पट. अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावरून चालतं ही चैन आहे. पण चार पट हातात धरून? मी नाही करत.

मोबाईलवर?

५० मिमी उलटी धरून फार काही मिळत नाही, मोबाईलची लेन्स स्वतःच पाच-सात मिलिमीटरची असते. १८ जास्त बरी. त्यापेक्षा जुन्या बिघडलेल्या डीव्हीडी प्लेयरमधली मसुराएवढी काच काढून चिकटपट्टीने लाव, ती मजा वेगळीच.

रिंग लेन्सला घट्ट बसलीये, निघतच नाही!

पक्कड नको!! हाताने दाबून फिरवलं की रिंग किंचित लंबगोल होते आणि अजून घट्ट बसते. रबरी हातमोजे घाल, किंवा रुंद रबरबँड गुंडाळ, तळहात सपाट टेकवून न दाबता फिरव. नाही निघाली तर अर्धा तास पंख्याखाली ठेव, मग परत.

पहिला फोटो कशाचा काढू?

मिठाचा. अगरवाड्याच्या मिठागरातलं जाडं मीठ, पाकिटातलं नाही. काळ्या कागदावर चार खडे, खिडकीकडून आडवा उजेड, कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर, दोन सेकंदाचा टायमर. खडा हलत नाही, चावत नाही, उडत नाही. आधी शेजारी शाळेची पट्टी ठेवून एक फोटो काढ, फ्रेममधे किती मिलिमीटर दिसतात मोज, सेन्सरची रुंदी त्याने भाग, कळलं तुझी लेन्स किती पट करते ते. मग खड्याची एक कड धर. चौकोनात चौकोन, पायऱ्या-पायऱ्या, आणि मधे कुठेतरी अडकलेला पाण्याचा बुडबुडा दिसेल. दिसला की मला पाठव, रात्री दहाच्या आधी.